मूळपुरुष, तासाला साठ डॉलर

सकाळी ७.१०
रिचमंड, व्हर्जिनिया. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकीकडे टोस्टची बशी, दुसरीकडे टेक्ससच्या गिऱ्हाइकाची फाइल. बाई साठी ओलांडलेल्या. शाळेत इतिहास शिकवायच्या, आता लोकांचे पूर्वज शोधून देतात. तासाला साठ डॉलर घेतात. त्यातून कर, आरोग्यविमा, चष्म्याचा खर्च, सगळं त्यांचं त्यांनीच बघायचं. गिऱ्हाईक निवृत्त इंजिनीअर आहे. आपला मूळपुरुष सतराव्या शतकात जेम्स नदीकाठचा बडा प्लँटर होता, तंबाखूचा मळा होता, विटांची हवेली होती, असं त्यांच्या घरात चालत आलंय. दहा तासांचे पैसे त्यांनी आगाऊ भरलेत. बाई पेन्सिलींना टोक काढतात. जुन्या दप्तराच्या खोलीत शाईचं पेन चालत नाही.

८.२५
ब्रॉड स्ट्रीटवर पल्स बस. रिचमंडच्या बसला २०२० पासून तिकीट नाही. बाईंनी गाडी विकली नाहीये, पण ती दारातच उभी असते. पार्किंगचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात लावले की लोक कुरकुरतात.

९.००
लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचं दार उघडतं. पिशवी लॉकरमध्ये. आत जातात पेन्सिली, वही, पेनड्राइव्ह आणि भिंग. बाई थेट मायक्रोफिल्मच्या कपाटांकडे वळतात, सरी काउंटीचा खण ओढतात; गिऱ्हाइकाचा मूळपुरुष तिथला. गिऱ्हाइकाचं नशीब इथेच निम्मं उघडलंय. सरीचं दप्तर १६५२ पासून बऱ्यापैकी शाबूत आहे. जेम्स नदीच्या पलीकडच्या जेम्स सिटी काउंटीने आपलं दप्तर यादवी युद्धात सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला पाठवलं होतं. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पेटलं आणि ते दप्तर इथेच जळालं. तिकडचा पूर्वज असता तर बाईंनी दोन तासांत हात टेकले असते आणि उरलेले पैसे परत केले असते.

९.२०
रीळ चढवली. फिल्म काचेखालून ओढून घ्यायची, मूठ फिरवायची. मी शेजारी बसून बघतो. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं. मधला ‘स’ लांबुळका, बघणाऱ्याला ‘फ’ वाटतो. कारकुनाने शाई वाचवायला शब्द तोडलेत. मूळपुरुषाचं अस्सल मृत्युपत्र इथे नाही, कारकुनाने वहीत उतरवलेली नक्कल आहे. म्हणून सहीच्या जागी सगळीकडे त्याचंच अक्षर.

मृत्युपत्र कोर्टात सिद्ध झालं फेब्रुवारी १७११ मध्ये. बाई वहीत लिहितात १७११/१२. तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. इंग्रजांनी आणि त्यांच्या वसाहतींनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं. हा तिरका दंड विसरला की मुलगा बापाच्या आधी मरतो, बाई म्हणतात. अशा वंशावळी त्यांनी पुष्कळ पाहिल्यात, काही तर सोनेरी चौकटीत.

१०.३०
खरी अडचण आत्ता येते. त्या काउंटीत त्याच नावाचे दोघे आहेत. एकाची जमीन अकराशे एकर, दुसऱ्याची दीडशे. १७०४ मध्ये राजाच्या खंडाची यादी लंडनला गेली, तिच्यात दोघेही आहेत, दोन ओळींत. खंड पन्नास एकरांना एक शिलिंग. म्हणजे एकजण बावीस शिलिंग भरतोय, दुसरा तीन.

यातला आपला कुठला?

बाई दुसरी रीळ चढवतात. करपात्र माणसांच्या याद्या. सरीमध्ये १६६८ ते १७०३ अशा सलग याद्या टिकल्यात, हे भाग्य फार थोड्या काउंट्यांचं. वसाहतीत जन्मलेला गोरा मुलगा सोळाचा झाला की यादीत येतो, बापाच्या नावाखाली. त्याच्या डोक्यामागे ठरलेले पौंड तंबाखू भरायचे. कोर्टाचं शुल्क, पाद्र्याचा पगार, कारकुनाची फी, सगळं तंबाखूतच. बाई बोट ठेवून एकेक वर्ष उतरतात. १६८८, नाही. १६८९, नाही. १६९०: दीडशे एकरवाल्याच्या खाली एक नवं नाव. मृत्युपत्रातल्या थोरल्या मुलाचं. म्हणजे मुलगा १६७४ च्या आसपास जन्मला. अकराशे एकरवाल्याच्या खाली त्या नावाचं कोणी कधीच येत नाही.

बाई खुर्चीत मागे रेलतात. कॉफी प्यायला बाहेर जायला लागतं, म्हणून जात नाहीत.

११.४५
जमिनीचा पट्टा. पट्ट्यांच्या वह्या आता संगणकावर आहेत. दीडशे एकर मिळाले ते तीन माणसांच्या मोबदल्यात. १६१८ पासून नियमच होता की जो माणसाचं जहाजभाडं भरेल त्याला दर डोई पन्नास एकर. पट्ट्याच्या तळाशी तीन नावं आहेत. त्यांना याच माणसाने आणलं असं मात्र धरता येत नाही. हे हक्क हुंड्यांसारखे विकले जायचे. कोणीतरी आणलेल्या तिघांचे हक्क याने विकत घेतले असतील.

पट्ट्यांचे छापील सारांश नेल मॅरियन नजेंट यांनी केले, पहिला खंड १९३४ चा. बाई पानं उलटत असताना मी दुसऱ्याच ओळीशी थांबतो. १६३५, जॉर्ज मेनिफी नावाचा बडा व्यापारी. त्याने आणलेल्या माणसांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’. मुंबई तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होती. आपल्याकडचा कोणी एक माणूस जेम्स नदीवर पोहोचला आणि मेनिफीला पन्नास एकर मिळाले. बाई म्हणतात, “त्याचा कोणी वारस माझ्याकडे आला तर मी निम्म्या दरात करीन.”

दुपारी १.००
डबा. टर्की सँडविच, सफरचंद. खालच्या मजल्यावर कॉफी घेतली, ती त्यांची त्यांनी. वीस मिनिटं डोळे मिटून बसणं, हेही कामातच धरायला हवं, पण बिलात घड्याळ थांबलेलं असतं.

१.३५
मोजणी कागदावर. ट्रेसिंग पेपर, कोनमापक, पट्टी. संगणकावर हे मिनिटात होतं, पण चूक कुठे आहे ते हाताला आधी कळतं, असं बाईंचं म्हणणं. पट्ट्यात चतुःसीमा अशा सांगितल्यात: खुणेच्या पांढऱ्या ओकपासून उत्तरेकडून इतके अंश पूर्वेला, इतके पोल, दलदलीपर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट, मैलाला ३२० पोल. इंचाला चाळीस पोल धरून बाई रेघा ओढतात. या मापात दीडशे एकर तळहाताएवढे येतात.

आकृती मिटत नाही. शेवटची रेघ पहिल्या ओकपर्यंत यायला हवी, ती भलतीकडेच संपते. बाई शांतपणे खोडरबर घेतात. नक्कल करणारा थकलेला असतो, त्याच्या हातून ‘पूर्व’चं ‘पश्चिम’ होतं. पहिली रेघ उलटवून बघितली, नाही. दुसरी, नाही. चौथी उलटवली आणि आकृती सुताच्या फरकाने मिटली.

मग ट्रेसिंग पेपर आजच्या नकाशावर सरकवायचा. ओढ्याचं वळण जुळेपर्यंत फिरवत राहायचं. जुळतं ते आत, ब्लॅकवॉटरच्या दलदलीकडे. जेम्स नदी तिथून मैलोन्‌मैल लांब. जहाज दारात लागायचा प्रश्नच नाही. तंबाखूचं भरलेलं पिंप रस्त्यावरून गडगडत न्यायचं. सरीमध्ये विटांची हवेली आहे, १६६५ ची, आर्थर ॲलनने बांधलेली. लोक तिला बेकन्स कॅसल म्हणतात. आजही उभी आहे, आणि टेक्ससच्या या गृहस्थांचा तिच्याशी काही संबंध नाही.

३.०५
मालमत्तेची यादी. मेल्यावर शेजारचे तिघेचौघे शपथ घेऊन घरात जायचे आणि दिसेल ते लिहायचे. पिसांची गादी, अंथरूण-पांघरुणासकट, ३ पौंड. दोन लोखंडी भांडी, एक फुटकं. कथलाच्या ताटल्या वजनावर. जुनी बंदूक. चार गाई, एक कालवड, डुकरं रानात, आकडा अंदाजे. खुर्च्या दोन. जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा, मालकाने मृत्युपत्रावर सहीऐवजी चिन्ह काढलं असलं तरी.

गाईंच्या खालच्या ओळीला एक स्त्री. फक्त नाव, आडनाव नाही. २६ पौंड. त्याच्या खाली ‘तिचं मूल’, ६ पौंड. मुलाला नाव नाही.

घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंची बेरीज मी वहीत करतो. ती तिच्यापेक्षा कमी भरते.

बाई मृत्युपत्राच्या नकलेवर परत जातात. ही स्त्री बायकोकडे तिच्या हयातीपर्यंत, नंतर धाकट्या मुलीकडे, ‘पुढे होणाऱ्या मुलांसकट’. १६६२ चा कायदा होता, मूल आईच्या दर्जाचं. जे अजून जन्मलेच नव्हते त्यांचीही वाटणी या कागदात झाली.

३.५०
बाई मनगटावरचं घड्याळ बघून वहीत लिहितात: ३.५०, थांबवलं. आता गिऱ्हाइकाचा वेळ नाही. दुसरी वही निघते, हिरव्या पुठ्ठ्याची. रकाने त्यांनीच आखलेत. नाव. कुणाकडून. कुणाकडे. मूल. रीळ, पान. सकाळच्याच याद्या पुन्हा चढवतात. गुलाम स्त्रियाही करपात्र होत्या. १७०२ मध्ये त्या दीडशे एकरवाल्याच्या खाली तिचं नाव आहे. १७०१ मध्ये नाही.

ज्यांच्या आज्या-पणज्या गुलाम होत्या त्यांना जनगणनेत बहुतेक सगळ्यांची नावं भेटतात ती १८७० पासून. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. त्याच्या मागे जायचं तर गोऱ्यांच्या मृत्युपत्रांतूनच जावं लागतं. म्हणजे टेक्ससच्या गृहस्थांनी पैसे भरले म्हणून हे पान उघडलं गेलं. धाकट्या मुलीचं लग्न शेजारच्या आइल ऑफ वाइट काउंटीत झालंय. ती स्त्री तिकडे गेली असणार. बाई त्या काउंटीच्या रिळेचा नंबर कोपऱ्यात टिपून ठेवतात. कोणी विचारलं तर ही वही त्या फुकट दाखवतात.

५.००
दिवे मिचकावतात. रिळा ट्रेमध्ये, लॉकर रिकामा. खांदा धरलाय, मूठ फिरवून फिरवून.

संध्याकाळी ७.४०
अहवाल. प्रत्येक वाक्यामागे वही आणि पान. ‘सिद्ध’, ‘संभाव्य’, ‘पुरावा नाही’, अशा तीन खुणा. हवेलीपुढे तिसरी. ती स्त्री आणि मूल पहिल्याच पानावर, मालमत्तेत. काही गिऱ्हाइकं ती ओळ गाळायला सांगतात, बाई गाळत नाहीत. बिल सहा तासांचं, ३६० डॉलर आगाऊतून वळते.

९.१५
उत्तर येतं. आभार मानलेत. मग प्रश्न: तो अकराशे एकरवाला आपला नसेलच, हे नक्की ना? की आणखी शोधता येईल?

बाई टाइप करतात: आणखी चार तास शिल्लक आहेत, पण त्याच्यावर घालवू नका. त्याला मूलबाळ होतं आणि त्यांचे वंशज मला सापडलेत. तुम्ही त्यांत नाही.