नाकामागची गाठ पुन्हा का वाढते?

वर्गात तोंड उघडे टाकून बसणारे, नाकात बोलणारे आणि दोनदा हाक मारल्यावाचून न वळणारे मूल आपण पाहिले असेल. शिक्षक त्यास मंद ठरवून मोकळे होतात. पुष्कळदा मंद असतो तो त्याचा कान, आणि कारण असते नाकाच्या मागे.

नाकाचा मार्ग जेथे घशास मिळतो तेथे, टाळूच्या वर, अडेनॉइड नावाचा मऊ पुंजका असतो. श्वासावाटे शिरणाऱ्या जंतूंना अडविणे हे त्याचे काम. साधारण सहासात वर्षांपर्यंत तो वाढतो व पुढे वयात येताना बहुधा आपोआप आकसतो. तेव्हा तो असणे हा काही रोग नव्हे. परंतु पडसे वरचेवर होऊ लागले, अॅलर्जी असली, घरात चुलीचा वा विडीचा धूर कोंडला, की तो सुजलेलाच राहतो. हुबळीची धूळ आणि धारवाडची पावसाळी ओल अशा मुलांस सोसत नाही. मूल घोरू लागते. कानाकडे जाणारी नळी तुंबून पडद्यामागे पाणी साचते. अडेनॉइड आणि बहिरेपणा यांचा हा संबंध कोपनहेगनच्या डॉ. विल्हेल्म मेयर यांनी १८६८ साली दाखवून दिला.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी घोरणे परतले, की आईबाप विचारतात, "कापली ना, मग पुन्हा कशी आली?" टॉन्सिलला वेष्टन असते, म्हणून तो सबंध सोडवून काढता येतो. अडेनॉइडला वेष्टन नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. कानाच्या नळीच्या तोंडाशी तर सर्जनला हात जपूनच चालवावा लागतो. तेथे कण राहिले, आणि मूल फारच लहान असले, तर ते पुन्हा वाढू शकतात. आता दुर्बिणीतून पाहत काम करता येते. तरीही शंभरांत एकदोन मुलांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते.

मात्र घोरणे परतले म्हणजे गाठच परतली असे नव्हे. अॅलर्जीने नाकाच्या आतील त्वचा सुजली तरी लक्षणे तीच. तिला सुरीचा काय उपयोग? तिच्यावर नाकात मारण्याचे औषध आहे. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेस रुकार देण्यापूर्वी दुर्बिणीने नाक तपासून घ्यावे आणि कानाचीही चाचणी करवावी. हुबळीस १९५७ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. निदान होईपर्यंत शिक्षकांनी त्या मुलास पहिल्या बाकावर बसवावे.