बेसेमरसाहेबांचा झुलता दिवाणखाना

एके काळी कोकणबोटीने गावी जाणारी वडील मंडळी तुमच्या घरात असतील, तर ‘बोट लागणे’ म्हणजे काय, ते त्यांना जरूर विचारा. धक्क्यावर हसतखेळत फराळाचे डबे उघडणारी माणसे भर समुद्रात लिंबू हुंगत आडवी पडत. समुद्र गरीब-श्रीमंत पाहत नाही. 1868 साली त्याने इंग्लंडातल्या एका धनाढ्य गृहस्थालाही असेच आडवे पाडले.

हे गृहस्थ म्हणजे हेन्री बेसेमर. स्वस्त पोलाद करण्याची कृती 1856 साली जगापुढे मांडून त्यांनी अमाप पैसा मिळवला होता. फ्रान्समधल्या कॅले बंदराहून इंग्लंडातल्या डोव्हरला येताना त्यांना बोट लागली. अंतर जेमतेम वीस-बावीस मैल. पण हाल असे झाले, की या दुखण्याचाच बंदोबस्त करायचे त्यांनी ठरवले.

युक्ती गमतीची होती. बोट हलेना का, आतला दिवाणखाना स्थिर राहिला म्हणजे झाले! 70 फूट लांब आणि 30 फूट रुंद दिवाणखाना आसांवर तोलायचा. एका माणसाने पाणसळीवर डोळे लावून बसायचे आणि बोट कलली, की पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने दिवाणखाना उलट बाजूला फिरवायचा. घरच्या बागेत केलेली प्रतिकृती झकास चालली. मग एडवर्ड रीड यांनी 350 फुटी, चार चाकांची आगबोट आखली. 24 सप्टेंबर 1874 रोजी हल येथे ती पाण्यात उतरली.

एप्रिल 1875 मध्ये कॅलेच्या धक्क्यावर आपटून तिचे एक चाक दुखावले. 8 मे रोजी ती उतारू घेऊन निघाली, तेव्हा दिवाणखाना चक्क जखडून ठेवला होता! मंद गतीत बोट सुकाणूला दाद देईना. अखेर धक्क्याचा एक भाग पाडूनच ती थांबली. भागीदारांचा धीर सुटला. 1876 मध्ये कंपनी गुंडाळली गेली आणि 1879 मध्ये बोट मोडीत निघाली.

दिवाणखाना मात्र रीडसाहेबांनी केंट परगण्यातल्या आपल्या घरी नेऊन बिलियर्ड खेळायला लावून घेतला. पुढे त्या घरात उद्यानविद्येचे कॉलेज आले आणि दिवाणखान्यात व्याख्याने होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तो नष्ट झाला.

कोरीव ओक लाकडाच्या त्या दालनात मुलींना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा मला थोडा हेवा वाटतो. आमच्या वर्गात दुपारच्या तासाला मुले जमिनीवर बसूनही डुलतात! पण बेसेमरसाहेबांचे वाईटही वाटते. त्यांची युक्ती हरली असे कसे म्हणावे? भर समुद्रात उतारूंसह तिची परीक्षा झालीच नाही. डुलण्यासाठी बांधलेल्या त्या दिवाणखान्याला स्थैर्य लाभले, ते जमिनीवर आल्यावरच.