भरलेल्या टाकीचा भोंगा

हरभऱ्याच्या डाळीसारखा दिसतो तो. एक बाजू गोल, एक सपाट, रंग काळा आणि खाली तारेचे तीन पाय. उजेडात तिरका धरला की सपाट बाजूवरची बारीक अक्षरं वाचता येतात : बीसी ५४७. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा ट्रान्झिस्टर सुटा मिळतो, कागदाच्या पुडीत. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लावून घ्यायचा असेल त्याच्या हातावर मी आधी ही पुडी ठेवतो.

यंदा ती भाचीच्या हातावर ठेवली. त्यांच्या गच्चीवरची टाकी रोज भरून वाहायची आणि पंप बंद करायची आठवण शेजारच्या अंगणात पाणी पडल्यावर व्हायची. ती म्हणाली, "मामा, टाकी भरली हे टाकीनेच सांगितलं तर?" त्याला प्रोग्राम लागत नाही, मोबाइलही लागत नाही. एक ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, बझर, एक रेझिस्टर आणि टाकीत सोडलेल्या दोन तारा एवढ्यावर काम भागतं.

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. बॅटरीचं धन टोक बझरमधून कलेक्टरला, एमिटर ऋण टोकाला. नुसतं एवढं जोडलं तर बझर गप्प. मधल्या बेसला एमिटरपेक्षा साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट जास्त मिळाले की एमिटरमधून इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. बेसचा थर इतका पातळ असतो की बहुतेक इलेक्ट्रॉन तिथे न रेंगाळता थेट कलेक्टरकडे ओढले जातात. शे-दोनशेंमागे एखादाच बेसमध्ये अडकतो. त्या एकाची भरपाई करण्यापुरता प्रवाह बेसला दिला, की उरलेल्या सगळ्यांची वाट मोकळी राहते. त्या पातळ थरातच ट्रान्झिस्टरची सगळी करामत आहे.

बेसला लागणारा हा चिमूटभर प्रवाह टाकीतलं पाणी देतं. एक तार बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला. आमच्या तारांमध्ये पाणी आलं तेव्हा मल्टिमीटरने ५० किलोओहमच्या आसपास रोध दाखवला. म्हणजे बेसला मिळणार जेमतेम ०.१४ मिलिअँपिअर. बझरला हवे २५. आम्ही बादलीत पाणी घेऊन ब्रेडबोर्डवर जोडणी केली, तर एका ट्रान्झिस्टरने बझर कर्कश वाजला आणि त्याच पुडीतला दुसरा लावला तर नुसता कुंईकुंई. भाचीला वाटलं, खराब निघाला. तो खराब नव्हता. बीसी ५४७ची प्रवाह वाढवण्याची पट ११० ते ८००पर्यंत कुठेही असू शकते. नावापुढचं ए, बी किंवा सी अक्षर त्याचा अंदाज देतं. आमच्या पुडीत सरमिसळ होती.

मला या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच दिसते. स्विच म्हणून वापरायचा ट्रान्झिस्टर पुरता बंद तरी हवा, नाहीतर पुरता चालू. बंद असताना प्रवाह नाही, पुरता चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळपास उरत नाही, म्हणून दोन्ही वेळा तो थंड राहतो. समजा, १२ व्होल्टवर ८० मिलिअँपिअर घेणारी रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, आहे. ट्रान्झिस्टर पुरता चालू असेल तर त्याच्यावर ०.२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण १६ मिलिवॉट. अर्धवट चालू राहिला तर त्याच्यावर ६ व्होल्ट आणि त्यातून ४० मिलिअँपिअर : २४० मिलिवॉट, पंधरापट. बोट लावून बघा, चटका कळतो. म्हणून पटीच्या भरवशावर गणित मांडू नये. कलेक्टरला जेवढा प्रवाह हवा त्याचा दहावा हिस्सा बेसला द्यावा आणि निश्चिंत व्हावं. सर्किटच्या छापील नकाशांत पट २०० धरून काढलेले रेझिस्टर दिसतात, ते मला मुळीच पटत नाहीत.

पण पाणी दहावा हिस्सा देणार कुठून? तिथे दुसरा ट्रान्झिस्टर कामाला येतो. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र. बेल लॅब्समधल्या सिडनी डार्लिंग्टन यांची ही जोडी, त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दोघांच्या पटींचा गुणाकार होतो, हजारोंत जातो. मग बझर दणक्यात वाजला, आणि पहिल्याच पावसात टाकी रिकामी असतानाही वाजला! तारांच्या खोक्यावर बसलेला दमटपणाही एवढ्या पटीला पुरेसा होता. पहिला बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये १०० किलोओहम जोडल्यावर तो गळका प्रवाह परस्पर निघून गेला.

त्यानंतर भाचीला पंपच आपोआप बंद व्हायला हवा होता, म्हणून १२ व्होल्टची रिले आणली. (ट्रान्झिस्टर १९४७च्या डिसेंबरमध्ये बेल लॅब्समध्ये जन्मला, तो टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंना आणि व्हॅक्यूम ट्यूबना पर्याय हवा म्हणून चाललेल्या शोधातून.) गडबडीत मी रिलेच्या कॉइलवरचा डायोड लावायला विसरलो. दोन वेळा टक् आवाज आला आणि तिसऱ्यांदा रिले ओढली गेली ती सुटेचना. कॉइलचा प्रवाह एकदम तोडला की तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि क्षणभर शंभराच्या वर व्होल्टेज उसळू शकतं. बीसी ५४७ सोसतो ४५. कलेक्टर-एमिटर आतून जुळून गेले होते. १एन ४००७ डायोड, चंदेरी पट्टा धन टोकाकडे करून, कॉइलला उलटा जोडला, की त्या उसळीला कॉइलमध्येच फिरून विरायला वाट मिळते. पंपाच्या २३० व्होल्टची बाजू मात्र आम्ही वायरमनकडूनच करून घेतली.

महिन्याभराने भाचीचा फोन आला, टाकी पुन्हा वाहिली. गच्चीवर जाऊन पाहिलं तर तांब्याची एक तार हिरवी पडून झिजली होती, दुसरी जशीच्या तशी. धन टोकाकडचं तांबं थोडं थोडं पाण्यात विरघळत होतं. आता तिथे स्टीलचे दोन जुने चमचे उलटे टांगले आहेत.