१९ जानेवारी २०३८, सकाळी ८.४४

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या डॉक्टरने एकाच रुग्णाचे दोन ईसीजी माझ्यापुढे ठेवले. दोन्हींवर तारीख १ जानेवारी १९७०, वेळही जवळपास तीच. यंत्राची आतली बॅटरी उतरली होती. बंद करून चालू केले की घड्याळ पुन्हा सुरुवातीला. छातीत दुखणाऱ्या माणसाचा आधीचा ईसीजी कोणता नि नंतरचा कोणता, हे कळल्याशिवाय झालेला बदल कसा वाचणार? शेवटी सिस्टरना विचारून क्रम लावला.

१९७०च का? पुष्कळ संगणक त्या वर्षाच्या पहिल्या क्षणापासून (ग्रीनिचच्या वेळेने) सेकंद मोजतात. जुन्या पद्धतीत या मोजणीला ३२ बिट असतात. एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी, उरलेले ३१ संख्येसाठी. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २चा ३१वा घात वजा १. म्हणजेच २,१४,७४,८३,६४७.

ही संख्या संगणकापेक्षा खूप जुनी ओळखीची आहे. ती मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. २च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७ अशा क्रमाने ही आठवी. दर वेळी हे जमतेच असे नाही. ११व्या घातातून २०४७ मिळते आणि ती निघते २३ गुणिले ८९. आपल्या संख्येला २च्या ३०व्या घाताने गुणले, तर १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे ६सारखी, जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज (१+२+३) तीच येते.

ती मूळ आहे हे १७७२मध्ये ऑयलरने दाखवले. आदल्याच वर्षी त्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडली होती, दुसरा डोळा आधीच गेलेला. जवळजवळ अंध माणसाने हे भागाकार केले! भाजक कोणत्या रूपाचेच असू शकतात हे आधी ठरवून त्याने हजारो भागाकार काहीशेंवर आणले.

आता मुद्द्याचे. सेकंदांची मोजणी या संख्येवर १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पोचेल. मंगळवार, केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागलेली. पुढच्या सेकंदाला ३२ बिटांची मोजणी उणे होईल आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ची दिसेल. आजचे बहुतेक मोबाइल आणि संगणक ६४ बिटांवर गेले आहेत, त्यांची काळजी नको. मला काळजी आहे ती मॉनिटर, सलाइनचे पंप, तपासणीची यंत्रे यांच्या पोटातल्या लहान संगणकांची. सगळीच बिघडतील असे नाही, पण बाहेरून पाहून ओळखता येत नाही. आणि सरकारी रुग्णालयात यंत्र एकदा आले की ते पंधरा वर्षे सहज राबते. म्हणजे आज घेतलेले तेव्हाही वॉर्डात असेल.

आमच्या खरेदीच्या मागणीपत्रात मी एक ओळ वाढवली आहे : ‘यंत्राचे घड्याळ २० जानेवारी २०३८वर लावून, यंत्र चालवून दाखवावे.’ विक्रेते हसतात. एकाने मात्र लावून पाहिले आणि कंपनीला विचारतो म्हणाला. अजून उत्तर आलेले नाही.