दुष्काळ कोणाला आवडतो?

मार्च उलटला की आपल्या लासूर स्टेशन परिसरात पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू होते. पाऊस कमी पडला म्हणून दुष्काळ आला, असे म्हणून आपण विषय संपवतो. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो तिथे संपू दिला नाही.

एका इंग्रजी दैनिकाच्या अभ्यासवृत्तीवर १९९३ पासून ते देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत फिरले. त्या वार्तांकनाचे पुस्तक १९९६ साली आले. मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने वाचायला मिळते. ओडिशातला कालाहंडी भाग भूकबळींसाठी बदनाम. पण तिथे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षा कितीतरी अधिक. मग माणसे उपाशी का? शेतात पाणी पोहोचत नव्हते, सावकारी होती आणि निवारणाच्या पैशावर ठेकेदार पोसले जात होते. त्याच भागात संकरित गाईंच्या योजनेसाठी गावठी वळूंचे खच्चीकरण झाले. दोन कोटी रुपये खर्चून हाती आली जेमतेम आठ वासरे!

मराठीत ही वाट डॉ. अनिल अवचट यांनी आधीच चोखाळली होती. १९६९ चे ‘पूर्णिया’ हे त्यांचे पहिले पुस्तक बिहारमधल्या दारिद्र्यावर आहे. पुढेही हमाल, विडी कामगार अशा कष्टकऱ्यांजवळ बसून, त्यांना विचारून ते साध्या बोलीत लिहीत राहिले.

‘तहकीक’ हा शब्द आपल्या घरांना परका नाही. तरीही मोबाइलवर आलेला निरोप आपण न तपासता पुढे ढकलतो, आणि मुले तेच पाहून शिकतात. ही पुस्तके नेमकी उलटी सवय लावतात: जा, पाहा, ज्याच्यावर बेतले आहे त्यालाच विचारा, मोजा आणि मगच बोला.

आठवी-नववीच्या मुलांना यातले एकेक प्रकरण वाचून दाखवा. मग त्यांच्या हाती वही द्या. दादी-नानीला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारू द्या: काय खाल्ले, खडी फोडायला कुठे गेलात, मजुरी किती मिळाली? मोहल्ल्यात टँकर किती वाजता येतो, कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचतो, कोणाची घागर रिकामी राहते, याची महिनाभर नोंद ठेवू द्या. तक्रार करणाऱ्याला परत पाठवता येते; तारीखवार नोंद घेऊन आलेल्याला उत्तर द्यावे लागते.