मय्यतीच्या अंगावरचे निळे डाग, ताठरलेले हातपाय : डॉक्टर मृत्यूची वेळ कशी ठरवतात?

घरात मय्यत झाली की सगळ्यांची एकच घाई असते. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज आणि दफन लवकर व्हावे. दीनचीही तीच ताकीद आहे. पण मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर पोस्टमॉर्टेम करावे लागते. कळवा-मुंब्रा भागातल्या अनेक मय्यती त्यासाठी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जातात. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांत मग कुजबुज सुरू होते. 'पाठ निळी पडलीय, नक्की मारलं असणार.' कुणी तर काळवंडलेल्या चेहऱ्याचा संबंध थेट आमालांशी जोडतो. या गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात, असे आम्हाला वाटते.

हृदय थांबले की रक्त फिरत नाही. ते वजनाने खालच्या बाजूला उतरते. उताणे झोपवलेल्या मय्यतीची पाठ त्यामुळेच जांभळी-निळी दिसते. हे डाग दोन-तीन तासांत स्पष्ट होतात आणि साधारण सहा ते बारा तासांत पक्के होतात. म्हणजे प्रत्येक निळा डाग माराचाच असतो असे नाही. माराच्या जखमेत रक्त मांसात मुरलेले असते. डॉक्टर छेद घेऊन हा फरक ओळखतात.

दुसरा बदल ताठरपणाचा. स्नायू सैल राहायलाही ऊर्जा लागते. मृत्यूनंतर ती संपते आणि स्नायू आखडतात. आपल्याकडे दोन-तीन तासांत पापण्या, जबडा, मान इथून हे दिसू लागते, मग हातपाय ताठ होतात. दीड-दोन दिवसांत, उन्हाळ्यात त्याआधीही, अंग पुन्हा सैल पडते. मय्यतीचे डोळे लगेच मिटावेत, हनुवटी बांधावी, हातपाय सरळ करावेत, असे बुजुर्ग का सांगतात ते यावरून कळते.

तिसरी खूण अंग थंड होण्याची. चौथी कुजण्याची. पोटाच्या उजव्या खालच्या भागात मोठे आतडे कातडीच्या जवळ असते. तिथल्या जंतूंमुळे उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत हिरवट डाग येतो, थंडीत एक-दोन दिवस लागतात.

पण हे काही मनगटावरचे घड्याळ नव्हे. मे महिन्याच्या उकाड्यात बंद खोलीतले अंग फारसे थंडच होत नाही, बर्फावर ठेवले तर सगळे बदल मंदावतात. म्हणून डॉक्टर 'रात्री दोन वाजता' असे न लिहिता 'अमुक ते अमुक तासांपूर्वी' असे लिहितात.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा वेळ सर्वांना ठाऊक होती. पण रुळांशेजारी पहाटे कुणी सापडला किंवा एकटी राहणारी वृद्ध बाई दोन दिवस दिसली नाही, तर शरीराच्या खुणांवरच भिस्त असते. आपल्यासाठी हा प्रश्न फक्त पोलिसांपुरता नाही. बेवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत मृत्यूपासून मोजली जाते. एकाच अपघातात बाप-लेक गेले तर आधी कोण गेला यावर वारसा ठरतो. क्रम कळलाच नाही तर बहुतेक फकीहांच्या मते ते एकमेकांचे वारस होत नाहीत.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. मृत्यू नैसर्गिक असून डॉक्टरांनी दाखला दिला असेल तर दफनाला उशीर करू नका. मृत्यू संशयास्पद असेल तर पंचनामा होईपर्यंत मय्यतीला हलवू नका, गुस्ल देऊ नका, कपडे बदलू नका, ११२ वर कळवा. शेवटचे कधी पाहिले, काय खाल्ले होते, पंखा किंवा एसी चालू होता का, बर्फ लावला होता का, हे पोलिसांना आणि डॉक्टरांना खरे सांगा.

रात्रीच्या पोस्टमॉर्टेमबद्दलही विचारा. १५ नोव्हेंबर २०२१ पासून केंद्र सरकारने सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेमची परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय अशी प्रकरणे सहसा यात येत नाहीत. पण साध्या अपघातात सकाळपर्यंत थांबावे लागेलच असे नाही.

आणि निळी पाठ पाहून कुणावर आरोप करण्याआधी रिपोर्टची वाट पाहा. मय्यतीची इज्जत राखणे हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.