चर्चच्या दारावरची नोटीस

इंग्लंडच्या ज्या खेड्यात मी राहते, तिथल्या चर्चच्या दारावर नोटीस लागली. आमची पॅरिश, म्हणजे आमच्या चर्चच्या कारभाराचा भाग, आसपासच्या पॅरिशमध्ये विलीन करून एकच मोठी पॅरिश करण्याचा मसुदा तयार आहे. कुणाची हरकत असेल तर लेखी कळवावी, मुदत २८ दिवस.

अशा वेळी लोक आधी सह्या गोळा करतात. आमच्याकडेही कागद घरोघर फिरला. पण चर्च ऑफ इंग्लंडमध्ये हे काम २०११ च्या ‘मिशन अँड पास्टोरल मेझर’ या कायद्याने चालतं, आणि तिथे सह्यांच्या संख्येपेक्षा कारणांना वजन असतं. बिशपांचा प्रस्ताव लंडनच्या चर्च कमिशनर्सकडे जातो आणि ते मसुदा प्रसिद्ध करतात. हरकतच आली नाही तर योजना पुढे सरकते. एका माणसाने जरी लेखी हरकत घेतली, तरी कमिशनर्सच्या समितीला तिचा विचार करावाच लागतो. बिशपांचं म्हणणं मागवलं जातं आणि पत्र लिहिणाऱ्याला त्यावर उत्तर देता येतं. निकाल विरुद्ध गेला तर प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागता येते. लोकमान्य टिळकांनी १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध जिथे दाद मागितली होती, तेच हे प्रिव्ही कौन्सिल. मात्र हा हक्क ज्याने मुदतीत लिहिलं त्यालाच. चहाच्या टेबलावर व्यक्त केलेली हळहळ कुठेच नोंदली जात नाही.

म्हणून आम्ही संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये बसून पत्रं लिहू लागलो.

चर्चच्या खजिनदारबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या पहिल्या खर्ड्यात दोन पानं दुःखच होतं. लग्न इथे, मुलांचे बाप्तिस्मे इथे, नवऱ्याला मूठमाती इथेच. सगळं खरं, पण समितीला त्यावरून काही ठरवता आलं नसतं. योजनेने लोकांची आध्यात्मिक काळजी अधिक चांगली व्हावी आणि प्रत्येक पॅरिशची परंपरा, गरजा, वैशिष्ट्यं ध्यानात घेतली जावीत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मी त्यांना एवढंच विचारलं, “बाई, उपासना शेजारच्या गावात गेली तर रविवारी तुम्ही जाणार कशा?”

त्यांनी नवा कागद घेतला. रविवारी बस नसते. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे. शेजारच्या गावाचा रस्ता ओढ्यावरून जातो आणि हिवाळ्यात तो पाण्याखाली असतो. गावात कुणी वारलं तर चर्च उघडून हीटर लावायला एक शेतकरी रात्रीसुद्धा येतो, कारण किल्ली त्याच्याकडे आहे आणि गेलेला माणूस त्याच्या ओळखीचा असतो. छपरासाठी गावाने जमवलेला पैसा मोठ्या पॅरिशच्या कौन्सिलकडे गेल्यावर तो याच छपरावर खर्च होईल, असं मसुद्यात कुठे लिहिलं आहे? नवऱ्याच्या थडग्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत राहिला. तो राहायलाच हवा होता.

या पत्राची नक्कल करून सगळ्यांनी खाली सही करावी, असं एकाने सुचवलं. मी विरोध केला. दहा घरांतून एकच मजकूर गेला, तर वाचणाऱ्याला दहा घरं दिसत नाहीत. चर्चची पायरी क्वचितच चढणारा एक गृहस्थ होता. त्याने स्वतःच्या शब्दांत तीन ओळी लिहिल्या, आणि त्या मला फार मोलाच्या वाटल्या. हरकत घ्यायला नेमाने उपासनेला येणं गरजेचं नाही.

बिशपांची अडचण खोटी नाही. पाळक कमी, पैसा कमी, म्हातारी चर्चं दुरुस्तीला आलेली. लेस्टर धर्मप्रांताच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, २०२१ मध्ये पॅरिशचे मोठे गट करण्याची योजना स्वीकारली ती याच ओढाताणीतून, आणि ‘सेव्ह द पॅरिश’ ही चळवळही त्याच वर्षी उभी राहिली. मी नगर जिल्ह्यातल्या मंडळीत वाढले. एकाच पाळकाने अनेक गावं सांभाळणं मला नवं नाही. इंग्लंडच्या खेड्यांतही ते कधीचंच चालू आहे. पण पाळक वाटून घेतला तरी प्रत्येक गावाची कौन्सिल, चर्चवॉर्डन, हिशेबाची वही गावातच राहते. पॅरिशच एक केली की निर्णय दुसरीकडे जातो. आमची हरकत यालाच आहे, आणि ती मला पूर्ण रास्त वाटते.

पत्रांनी काय होणार, असं हॉलमध्ये अनेकांनी विचारलं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या कॅथलिक बिशपांनी बंद केलेल्या १३ पॅरिशच्या लोकांनी रोमकडे लेखी दाद मागितली होती, आणि २०१२ मध्ये रोमने बिशपांचे ते निर्णय रद्द ठरवले. चर्च वेगळं, कायदा वेगळा. पण तिथेही सुरुवात मुदतीत लिहिलेल्या पत्रानेच झाली होती.

आमची पत्रं मुदतीच्या आत गेली. खजिनदारबाईंनी समितीपुढे तोंडी बोलण्याचीही संधी मागितली आहे. निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तोवर मसुदा हा मसुदाच आहे.